डबा तापेपर्यंत

१

मिल बंद होऊन चौदा महिने झाले होते, तरी सुधाकर पागनीसची सकाळ मिलच्याच वेळेवर चालायची. साडेपाचला जाग, सातला आंघोळ, आठला पोहे. फरक एवढाच की पोह्यांनंतर सायकल काढून कुठे जायचं नसे. मग तो इंदूरच्या मल्हारगंजातल्या आपल्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत जायचा, ॲम्पचं बटण खाली करायचा आणि पलंगावर चहा घेत बसायचा.

ॲम्प जुना, व्हॉल्व्हचा. गिटारचा आवाज मोठा करणारी ती लाकडी पेटी. मिलमध्ये तिला सगळे डबाच म्हणत. बटण दाबल्याबरोबर त्यातून काही येत नसे. मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या हळूहळू नारिंगी होत, तापलेल्या धुळीचा वास सुटे आणि अर्धा कप संपेपर्यंत स्पीकरमधून बारीक घुमणं सुरू होई. डबा तापला की सुधाकर गिटारची वायर खोचायचा आणि अकरापर्यंत वाजवायचा. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याची बायको शुभदा मशीनवर साड्यांना पिको-फॉल करत असायची. मिल गेल्यापासून घर बरंचसं त्या मशीनवर चाललं होतं आणि त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती.

फेब्रुवारीतली, त्र्याण्णव सालची ती सकाळ. चहा अर्धा झाला, घुमणं सुरू झालं. वायर अजून जमिनीवर वेटोळं करून पडलेली होती. आणि डब्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

लोखंडी खुर्ची फरशीवर ओढतात तसा. चार बोटं ओढली आणि थांबली.

"शुभदा, खुर्ची सरकवलीस का गं?"

मशीन थांबलं. "खुर्ची? आपल्याकडे खुर्ची कुठली?" ती म्हणाली.

ते खरंच होतं. घरात बसायला दोन वेताचे बुटके मोढे होते आणि हा पलंग. वरच्या मजल्यावर कोणी काहीतरी हलवलं असेल, असं सुधाकरने स्वतःला सांगितलं. त्याने वायर खोचली आणि वाजवायला लागला. त्यांच्या वर गच्ची होती, हे त्याला वाजवता वाजवता आठवलं.

२

डबा कागदोपत्री मिलच्या क्लबचा होता, पण खरा श्रीरामचा. साठच्या सुमारास कोणी परदेशी स्पिनिंग मास्तर जाताना तो क्लबला देऊन गेला होता. पुढे त्याला हात लावणारा श्रीराम एकटाच. श्रीराम लूम खात्यात विणकर होता, मूळचा गौतमपुऱ्याचा, लग्न न केलेला. मिलच्या चाळीत एक खोली घेऊन राहायचा. सुधाकर टाइमकीपर आणि क्लबचा सेक्रेटरी. शनिवारी दोघं क्लबच्या हॉलमध्ये गिटार घेऊन बसत. सुधाकरला जे काही येत होतं ते श्रीरामने शिकवलेलं होतं.

मिल बंद झाली त्या दिवशीही ते हॉलमध्येच होते. स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. तीनच्या सुमारास फाटकाकडून गलका ऐकू आला. सुधाकर उठला. "तू बस," तो श्रीरामला म्हणाला, "मी बघून येतो काय झालंय ते."

फाटकावर नोटीस लागली होती. शेकडो माणसं, रडारड, पोलिसांच्या काठ्या. त्या लोटालोटीत सुधाकर रस्त्यावर फेकला गेला आणि त्याच्यामागे फाटक बंद झालं. मागच्या बाजूला छोटं दार होतं. तिथला चौकीदार तुकोजी त्याला रोज रामराम करायचा. तिथून आत जाता आलं असतं. पण सुधाकर गेला नाही. तो सरळ घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतींना सील लागलं. श्रीराम मागच्या दाराने गेला असणार, असं सगळे म्हणाले. जाताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं. गौतमपुऱ्याहून त्याच्या भावाचं कार्ड आलं: इकडे आला नाही, भिवंडीला गेला असेल. भिवंडीला, सुरतेला तेव्हा खूपजण गेले होते.

महिन्याने सामानाची यादी करायला हॉल उघडला, तेव्हा सेक्रेटरी म्हणून सुधाकर हजर होता. आत कोणी नव्हतं. त्याने किती मोठा श्वास सोडला ते फक्त त्यालाच माहीत. भिंतीशी एकोणचाळीस खुर्च्या रचलेल्या होत्या आणि चाळिसावी स्टेजवर, डब्याशेजारी. डब्यावर कोणाचा दावा नव्हता, तेव्हा तो सुधाकरला घरी नेऊ दिला. उचलताना मागचा पत्रा त्याला कोमट लागला. वीज तर महिन्यापूर्वीच कापली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि तो विषय त्याने तिथेच सोडला.

३

सुधाकर आता जयेशभाईच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होता. जयेशभाई इंदूरचाच गुजराती, गोड बोलणारा आणि आपलं तेच खरं करणारा. मार्चमध्ये ए. बी. रोडवर टीव्ही-फ्रिजचं एक मोठं शोरूम उघडणार होतं आणि उद्घाटनाचा कार्यक्रम त्याला मिळाला होता.

"पागनीसजी, तो डबा मध्येच बंद पडला तर माझं नाव जाणार," तो म्हणाला. "माझा साला दुबईहून नवीन घेऊन आलाय. त्याच कंपनीने तोच मॉडेल परत काढलाय. सेम टु सेम. दोन्ही ऐका आणि एक ठरवा. नाही तर मग कीबोर्डवाला आहेच, तो एका बटणात गिटार वाजवतो."

शेवटचं वाक्य त्याने हसत म्हटलं होतं. पण सुधाकरला घरी गेल्यावरही तेच आठवत राहिलं.

दोन्ही ॲम्प पोलोग्राउंडला मालोजीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवले. मालोजी रेडिओच्या जमान्यापासून व्हॉल्व्हचं काम करणारा. आता शेजारच्या कारखान्यांच्या मोटारी बांधायचा, पण असं काही आलं की हातातलं सोडून बसायचा. दुपारचे बारा वाजले होते. टेबलावर दोन पेट्या शेजारी शेजारी. तेच तपकिरी कापड, तीच सहा बटणं. एकाचं कापड कोपऱ्यांवर झिजलेलं, दुसऱ्याला अजून कारखान्याचा वास.

सुधाकरने आधी नवा लावला. सूर स्वच्छ आला, जिथल्या तिथे. पण कोरा. नव्या घरात पहिल्या दिवशी बोललेलं भिंतींवरून परत येतं तसा. मग जुना लावला. तोच सूर, तीच तार, पण टोक मोडून आल्यासारखा, गोल. सुराच्या मागे जागा होती, कोणीतरी ऐकत असल्यासारखी.

"फरक तो है," जयेशभाईने कबूल केलं. "पण ऐकणाऱ्याला कळणार आहे का?"

"मला कळतो ना," सुधाकर म्हणाला.

मालोजीने गिटारची वायर काढली. "वायरीशिवाय आवाज किती आहे बघू द्या," म्हणत त्याने जुन्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. घुमणं वाढलं. आणि त्या घुमण्यात कोणीतरी घसा खाकरला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी नाही," जयेशभाई म्हणाला.

मालोजीने पेन्सिल घेऊन मागून एका नळीवर टकटक केलं. स्पीकरमधून टणटण आवाज आला. "हे बघा. जुना झाला की व्हॉल्व्हच माइक बनतो. आसपासचं ऐकतो आणि ऐकवतो. बाहेर कोणी खाकरलं असेल. नवीन व्हॉल्व्ह टाकतो, बस."

बाहेर त्या वेळी लेथ मशीन चालू होतं. त्या आवाजात फाटकाशी उभा असलेला माणूस ओरडला असता तरी आत ऐकू आला नसता. पण मालोजी जाणकार होता आणि सुधाकरला त्याचं म्हणणं पटवून घ्यायचं होतं.

४

नवे व्हॉल्व्ह पडल्यावर डबा घरी आला, आणि आवाज उलट जास्त स्पष्ट यायला लागले.

रोज सकाळी, डबा तापला की. आधी एक पंखा, फिरताना दर फेऱ्याला टक करणारा. मग कबुतरांची फडफड. कधी स्प्रिंगचं दार, जे उघडताना कण्हतं आणि मिटताना दोनदा आपटतं. सुधाकर गिटार मांडीवर घेऊन नुसता ऐकत बसायला लागला. चौथ्या दिवशी त्याला ती खोली ओळखू आली. तो पंखा त्याने स्वतः तीनदा दुरुस्तीला दिला होता. स्प्रिंग बदलून घ्या म्हणून मिलच्या ऑफिसला त्याने अर्ज केले होते. तो क्लबचा हॉल होता.

हॉलला कुलूप होतं, आणि वीज नसताना पंखा फिरत नसतो, हे त्याला कळत होतं. चौदा महिने रिकामा बसलेला माणूस काहीही ऐकू शकतो, हेही कळत होतं. यातलं शेवटचं कारण त्याला सर्वात बरं वाटलं. डोक्याला औषध असतं.

"शुभदा, जरा इकडे येतेस?"

ती पडदा बाजूला करून आली, हातात दोरा तसाच. पलंगाच्या कडेला बसली आणि ऐकू लागली. पंख्याची टक, टक. मग खुर्चीची हलकी करकर, खूप वेळ एका जागी बसलेला माणूस मांडी बदलतो तशी.

सुधाकर तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने "काहीच नाही" म्हणावं असं त्याला फार वाटत होतं.

"कोणीतरी बसलंय," शुभदा म्हणाली.

"कुठे?"

"ते मला काय माहीत. पण कंटाळलंय. वाट बघतंय."

त्याने हात लांब करून बटण बंद केलं. नळ्या विझल्या तरी तो पंखा स्पीकरमध्ये आणखी दोन फेरे फिरला. मग त्याने तिला त्या दिवसाबद्दल सांगितलं. मागच्या दाराबद्दल, आणि आपण तिथून आत गेलो नाही त्याबद्दल. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. शुभदाने ऐकून घेतलं.

"जाऊन बघून या एकदा," ती म्हणाली. "रिकामं दिसलं की मन मानेल."

५

तो रविवारी गेला. निघताना डबा चालूच ठेवला. व्हॉल्व्ह माइक होतात म्हणे, तर मग नीट परीक्षाच होऊन जाऊ दे, असं त्याने ठरवलं होतं. बरोबर एक वाजता तो हॉलमध्ये तीन टाळ्या वाजवणार होता. शुभदाने घरी लक्ष ठेवायचं. काही ऐकू येणार नाही आणि ही भानगड मिटेल.

मागच्या दाराशी तुकोजी स्टुलावर ऊन खात बसला होता. पगार थांबलेला, पण नोकरीवर यायचा. "पागनीस साहेब, तिथे काय आहे आता? कबूतर हैं बस," तो म्हणाला, पण किल्ली घेऊन उठला. हॉलचं कुलूप उघडून दिलं आणि बाहेर पायरीवरच थांबला. आत चला म्हटलं तर म्हणाला, "मी इथेच ठीक आहे."

स्प्रिंगचं दार कण्हलं आणि सुधाकरच्या मागे दोनदा आपटलं.

हॉल रिकामा होता. खुर्च्या लिलावात गेल्या होत्या. पंख्याच्या जागी छताला नुसता आकडा. फरशीवर कबुतरांची घाण आणि धुळीचा सारखा थर. त्या धुळीत एकही पाऊल नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीकडे त्याने मुद्दाम पाहिलं. खिडकी होती, पण तिला आतून फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि फळ्यांवरचे खिळे फार जुने, गंजून काळे झालेले.

घड्याळात एक वाजला. त्याने तीन टाळ्या वाजवल्या. त्या धुळीत पडून विरल्या, जराही घुमल्या नाहीत.

आता निघायचं, इतकंच बाकी होतं. पण त्या रिकाम्या स्टेजकडे बघताना त्याला एकदम भरून आलं. आपण एका माणसाला इथे बसवलं आणि पुन्हा कधी त्याच्याकडे आलो नाही. हा माणूस भिवंडीत असो, सुरतेत असो, कुठेही असो. तो पुटपुटला, कोणाशी म्हणून नाही, "चुकलंच रे माझं. चल आता. घरी चल."

काही झालं नाही. एक कबूतर उडालं. तो बाहेर आला, तुकोजीने कुलूप लावलं.

६

शुभदा दारातच उभी होती. तिने आधी त्याच्या मागे जिन्याकडे पाहिलं, मग त्याला आत घेतलं.

"ऐकू आल्या?" त्याने विचारलं.

"आल्या. बरोबर एकला. तीन टाळ्या. मग जरा वेळाने अजून तीन. त्या जरा हळू होत्या."

"घुमल्या असतील," तो म्हणाला. त्या घुमल्या नव्हत्या, हे त्याने तिला सांगितलं नाही.

"मग तुम्ही काहीतरी बोललात. शब्द नीट नाही कळले. शेवटचं तेवढं कळलं. घरी चल, म्हणालात." तिने पदर घट्ट ओढून घेतला. "कोणाला म्हणालात?"

"कोणी नव्हतं गं तिथे. खुर्चीसुद्धा नव्हती."

शुभदाने मान हलवली, पण ती त्याचं म्हणणं ऐकत नव्हती. "तुम्ही तसं म्हणालात आणि खुर्ची मागे सरकली. पूर्ण सरकली. रोज ती नुसती हलायची ना, तशी नाही. कोणीतरी उठलं. त्यानंतर काहीच नाही आलं. पंखाही नाही."

दोघं आतल्या खोलीत गेले. डबा चालू होता, नळ्या नारिंगी होत्या आणि त्यातून अगदी शुद्ध, रिकामं घुमणं येत होतं. सुधाकर पाऊण तास कान लावून बसला. काही नाही. रात्री तो खूप दिवसांनी गाढ झोपला. शुभदाला झोप लागली नसावी. पहाटे तो उठला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती.

७

त्या आठवड्यात जयेशभाईने निरोप धाडला, पक्कं सांगा. सुधाकरने जुना डबाच घ्यायचं ठरवलं होतं. आवाज थांबले होते, सूर तोच गोल होता. शेवटची तपासणी म्हणून त्याने तो मालोजीकडे ठेवला आणि दोन दिवसांनी घ्यायला गेला.

मालोजीने डबा टेबलावरून खाली, कोपऱ्यात ठेवला होता.

"भिया, हा पुन्हा बिघडला," तो म्हणाला. "आता रेडिओसारखं पकडतोय. काल दिवसभर रस्ता ऐकवत होता."

"कुठला रस्ता?"

"आता काय सांगू. पहिल्यांदा ट्रकच ट्रक. मग दुपारी पुलावर कशी हवा लागते, तशी हवा. आज सकाळी गर्दी आहे. सायकलच्या घंट्या, हातगाडीवाले. मघाशी एक जण ओरडत होता, साबुदाण्याची खिचडी गरम म्हणून." मालोजी हसला, पण डब्याकडे न बघता. "आणि सारखं चप्पल ओढत चालल्यासारखं काहीतरी. हळूहळू चाललंय. थांबतं, परत चालतं. जणू पत्ता विचारत."

सुधाकरने विचारलं, "तू बंद का नाही केलास?"

"केला की. प्लग काढून ठेवलाय."

सुधाकर वाकून बघायला गेला नाही. त्याने तिथूनच मालोजीला सांगितलं की डबा तुझ्याकडेच राहू दे, खोल, तोड, जे वाटेल ते कर. मग समोरच्या पीसीओवरून जयेशभाईला फोन केला: नवा घेतो.

"मैं तो पहले ही बोला था," जयेशभाई म्हणाला.

नव्या ॲम्पवर त्याने शोरूमच्या तालमी केल्या. सूर कोराच राहिला, पण त्याच्या मागे कोणी नव्हतं. त्याला वाटलं, आपण योग्य तेच केलं. नव्या वस्तूला काही आठवत नसतं.

८

उद्घाटन सकाळी अकराला होतं. शोरूमची दर्शनी भिंत सगळी काचेची, आत तीस रंगीत टीव्ही एकाच वेळी चालू. बाहेर मांडव, मांडवात स्टेज. पाहुणे यायचे होते म्हणून बाहेरचे भोंगे बंद करायला सांगितले होते. ऑर्केस्ट्रा जागेवर बसून होता. सुधाकरने नव्या ॲम्पचं बटण खाली केलं आणि गिटारची वायर हातात धरली. कारखान्याचा वास अजून गेला नव्हता. तो तापायची वाट बघत बसला.

घुमणं आलं. आणि घुमण्यात शिलाई मशीन.

दर पाच-सहा टाक्यांनी जरा अडखळणारं मशीन. त्याचा पट्टा बदलायचं तो कधीपासून म्हणत होता. मग मशीन थांबलं. पातेल्यावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला. बांगड्या. शुभदा स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती, जे ती घरात एकटी असतानाच गुणगुणते.

"किसका रेडियो है?" ढोलकवाल्याने विचारलं.

म्हणजे त्यालाही येत होतं. ॲम्पमधून जिना वाजत होता. लाकडी जिन्यावर चप्पल, एका पायरीवर एकदा, थांबत. एकूण तेरा पायऱ्या आहेत. त्याने मोजल्या नाहीत, पण तेरावी झाल्यावर कडी वाजणार हे त्याला माहीत होतं, आणि ती वाजली.

गुणगुणणं थांबलं. "उघडंच आहे," शुभदाचा आवाज, पाठमोरा. "आलात? लवकर सुटलं वाटतं."

चप्पल खोलीतून गेली. पडद्याच्या कड्या सळईवर सरकल्या.

"पाणी आणते," शुभदा म्हणाली.

सुधाकर उठला. गिटार खुर्चीवर ठेवायला गेला, ती घसरून पडली. जयेशभाई स्टेजच्या कडेशी पाहुण्यांची गाडी बघत उभा होता. त्याने सुधाकरचा दंड धरला. "पागनीसजी, अभी उतरे ना, तर मग परत येऊ नका."

"नाही येत," सुधाकर म्हणाला.

९

टेम्पोने राजवाड्यापर्यंत आणि तिथून धावत. पन्नाशीचा माणूस सकाळी साडेअकराला सराफ्यातून धावतोय म्हणून लोक वळून बघत होते. गल्लीत सगळं रोजचं होतं. दार नुसतं लोटलेलं.

शुभदा मशीनपाशी बसली होती, सुई तोंडात धरून. त्याला पाहिलं आणि तिने सुई तोंडातून काढली.

"तुम्ही..." ती म्हणाली, आणि आतल्या खोलीकडे बघितलं.

"कोणी आलंय?" त्याने अगदी हळू विचारलं.

"तुम्हीच आलात ना मघाशी. मी स्वयंपाकाच्या कट्ट्याशी होते, पाठ होती माझी. तुम्ही आत गेलात. मी पाणी नेलं. पडदा ओढलेला होता. बाहेरूनच पेला पुढे केला, आतून हात आला आणि पेला घेतला."

"हात पाहिलास?"

"हातच तर पाहिला. वाटलं, शोरूममध्ये सजावटीचं काही काम केलं असेल यांनी. मनगटापर्यंत कापूस लागला होता."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आतून काहीच आवाज नव्हता, आणि त्याच्या डोक्यात हिशेबी माणसाचे सगळे प्रश्न एकापाठोपाठ येत होते. चोर असेल. वेडा असेल. खरंच श्रीराम असेल, भिवंडीहून आलेला, जिवंत, म्हातारा झालेला, भुकेला. याच प्रश्नाशी तो जास्त थांबला, कारण त्याला तसं हवं होतं.

"तू खाली इंदुमतीबाईंकडे जाऊन बस," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"आलोच मी."

शुभदाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवशी श्रीरामलाही आपण असंच सांगून गेलो होतो, हे त्याच्या लक्षात आलं. "तू जा," तो म्हणाला. "मी इथे आहे."

ती गेली. दार तिने उघडं ठेवलं. जिन्यावर तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली, मग ती थांबली. ती इंदुमतीबाईंकडे गेली नव्हती, खालच्या पायरीवरच उभी होती.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. सुधाकर खाली वाकला नाही, तशी गरजच नव्हती. पलंगाच्या कडेला बसलेल्या माणसाचं उजवं पाऊल त्या फटीत दिसत होतं. टाचेला भेगा, भेगांत राखाडी धूळ. अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं. लूममधून सुटलेलं जड लाकडी शटल पडून ते चिरलं, तेव्हा दवाखान्यात सुधाकरच घेऊन गेला होता. घोट्यापर्यंत कापसाचं तूस चिकटलं होतं आणि खोलीत वारा नसताना ते हलत होतं. पाऊल ठेका धरत होतं. टाच जमिनीवर, पुढचा पंजा वर-खाली, अगदी सावकाश. गिटार कुठेच वाजत नव्हती.

दार उघडं होतं. तेरा पायऱ्या आणि रस्ता. सुधाकरचा एक हात चौकटीवर होता. तो त्याने काढला.

"श्रीराम," तो म्हणाला. "फार वेळ बसावं लागलं का रे?"

पाऊल थांबलं.

मग पलंगाची नवार करकरली, आणि ते पाऊल उचललं न जाता फरशीवरून थोडं बाजूला सरकलं. शेजारी कोणालातरी बसायला जागा करून द्यावी, इतकंच.